पहिल्या नंबरवर कोणाला बसवायचं?

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. मृगाचा पाऊस एकदा पडून गेला होता आणि आमच्या पाथरीत सगळीकडे बी-बियाणांची गडबड. आमच्या घरात मात्र वेगळीच पेरणी चालली होती. थोरलीचा सीईटीचा निकाल लागला. ९३ पर्सेंटाइल आणि वर थोडे. ती मोबाइल घेऊन पळत स्वयंपाकघरात आली. मी पिठाचे हात तसेच तिच्या गळ्यात टाकले. आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली. "शंभरातले त्र्याण्णव मिळाले माझ्या नातीला," असं त्यांनी गल्लीभर सांगितलं.

आता खरं सांगते मैत्रिणींनो, तोवर मीही तसंच समजत होते. शंभरातले त्र्याण्णव! मग काय, पुणं-मुंबई कुठंही जाईल पोरगी. रात्री थोरलीनं मला समजावलं. "आई, हे मार्क नाहीत गं. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभर मुलांत त्र्याण्णव माझ्या बरोबरीनं किंवा मागं आहेत. सात पुढं आहेत." मी म्हटलं, "सातच ना? मग काय झालं?" ती हसली. म्हणाली, "आई, राज्यात हा पेपर चार लाखांच्या वर मुलांनी दिलाय. शंभरात सात, तर चार लाखांत किती?"

मी शिलाईचं काम करते. ब्लाउजला कापड किती लागेल हे मला तोंडपाठ सांगता येतं. तसाच हिशेब केला. अठ्ठावीस-तीस हजार! माझ्या लेकीच्या पुढे तीस हजार मुलं रांगेत उभी. साखर तोंडात होती ती कडू झाली म्हणा ना.

पण हिशेबाची दुसरी बाजूही थोरलीनंच दाखवली. इंजिनिअरिंगच्या जागा राज्यात पावणेदोन लाखांहून जास्त आहेत. म्हणजे जागा मिळेल का, हा प्रश्नच नव्हता. कुठली मिळेल आणि त्यासाठी अर्जात काय लिहायचं, हा खरा प्रश्न होता. तो सोडवता सोडवता आमच्या घरात जे झालं, ते आज तुम्हाला सांगायचंय. कारण पाथरी, मानवत, सेलू, सोनपेठ असल्या गावांतल्या आयांना हे कोणी नीट बसून सांगत नाही.

माझी यादी, माझं नाव

त्याआधी थोडं माझं सांगते. मी १९९७ साली बारावी झाले. तेव्हा मुलींसाठी डी.एड. म्हणजे सोन्याची संधी. मार्क चांगले होते. हातानं फॉर्म भरला, टपालानं गेला. अंबाजोगाईच्या यादीत माझं नाव लागलं. मैत्रिणीचा भाऊ फलकावर बघून आला होता. वडील म्हणाले, "एवढ्या लांब पोरीला ठेवायचं कोणाच्या भरवशावर? जवळचं लागलं तर बघू." जवळचं लागलं नाही. दुसऱ्या वर्षी माझं लग्न लागलं.

वडिलांना मी दोष देत नाही. माहिती नव्हती, ओळख नव्हती, खिशात पैसे नव्हते. वसतिगृह असतं, सवलत असते, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. पण आजही शाळेवरून जाताना पोरं पाढे म्हणताना ऐकली की पाय थबकतात. तर असं. म्हणून थोरलीच्या बाबतीत मी मनाशी ठरवलं होतं, की नाव लागलं तर पाठवायचंच. ठरवणं सोपं असतं बाई. वेळ आली तेव्हा मी काय केलं, ते पुढं येतंच.

विकतची यादी

आमचे हे मानवतला जिनिंगमध्ये हिशेबाचं काम करतात. त्यांना कोणीतरी सांगितलं, की शहरात एक जण कॉलेजांची तयार यादी करून देतो. पंधराशे रुपये घेतो, नुसतं भरायचं. हे म्हणाले, "आपल्याला कळत नाही, तर कळणाऱ्याला दिलेलं बरं." पैसे पाठवले. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर यादी आली. पन्नास कॉलेजं, नंबरवार.

थोरली यादी बघत बसली. कपाळाला आठ्या. "आई, हे एक नंबरचं कॉलेज बघ ना. आपल्यापासून चारशे किलोमीटर. गेल्या वर्षी तिथं साठ पर्सेंटाइलवाल्यांनाही जागा मिळाली. मग माझ्या यादीत ते पहिलं कशाला?"

मी म्हटलं, "सोपं आहे म्हणून टाकलं असेल. लागेल तरी."

"तेच तर ना!" ती म्हणाली. "ते लागणारच. आणि पहिल्या नंबरचं लागलं की विषय संपला."

मग तिनं माहितीपुस्तिका काढून मला वाचून दाखवली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तो नियम तुम्हालाही सांगते, कारण सगळी गोम तिथंच आहे.

२०२५ साली इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या चार फेऱ्या होत्या. त्याला कॅप म्हणतात, म्हणजे सगळ्या राज्याची मिळून एकच प्रवेश प्रक्रिया. पहिल्या फेरीत तुमच्या पसंतीतलं एक नंबरचं कॉलेज तुम्हाला मिळालं, तर ते आपोआप पक्कं होतं. त्याला ऑटो फ्रीज म्हणतात. ते घ्यायलाच लागतं. नाही घेतलं, तर पुढच्या फेऱ्यांत तुम्हाला जागा नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन नंबरांपैकी काही मिळालं तर पक्कं. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. त्याच्या खालचं मिळालं तर मात्र दोन वाटा. आवडलं तर पक्कं करा. नाहीतर ती जागा हातात धरून पुढच्या फेरीत आणखी चांगल्याची वाट बघा. चांगलं मिळालं, की आधीची जागा आपोआप सुटते. नाही मिळालं, तर आधीची आहेच.

म्हणजे बघा, त्या विकतच्या यादीप्रमाणे फॉर्म भरला असता, तर पहिल्याच फेरीत चारशे किलोमीटरवरचं ते कॉलेज आमच्या गळ्यात पडलं असतं. पुढं नांदेड नाही, संभाजीनगर नाही, काही नाही. ती यादी कोणाच्या सोयीची होती, हे मी सांगायला नको. पंधराशे रुपये गेले ते गेले. पण यादी आम्ही भरली नाही.

दोनशे पानी वही

थोरली म्हणाली, "आई, आपण आपलीच यादी करू." मी शिलाईच्या मापांसाठी आणलेली दोनशे पानी वही तिला दिली. आम्ही दोघी मायलेकी आठ रात्री बसलो. ती वाचायची, मी लिहायचे.

सीईटी सेल दरवर्षी प्रत्येक फेरीनंतर कुठल्या कॉलेजात, कुठल्या शाखेत शेवटची जागा किती पर्सेंटाइलला गेली, त्याच्या याद्या जाहीर करतो. फुकट. त्यालाच कटऑफ म्हणतात. पहिल्यांदा ती यादी बघितली तर मला घेरीच आली. नुसती इंग्रजी अक्षरं. पण शिलाईचा नमुनाही पहिल्यांदा असाच दिसतो. एकदा कळलं की कळलं.

त्या अक्षरांतलं पहिलं अक्षर 'जी' असलं तर जागा सर्वसाधारण, म्हणजे मुलगा-मुलगी कोणासाठीही. 'एल' असलं तर मुलींसाठी राखीव. आपल्या राज्यात तीस टक्के जागा मुलींसाठी असतात. मधे प्रवर्ग असतो. शेवटचं अक्षर 'एच' म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या भागातल्यांसाठी, 'ओ' म्हणजे बाहेरच्या भागातल्यांसाठी, 'एस' म्हणजे सगळ्या राज्यासाठी. आमच्या परभणी जिल्ह्याचं विद्यापीठ म्हणजे नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ. हे कळल्यावर आम्ही आमच्या ओळीच तेवढ्या शोधल्या. शेजारच्या पोराचा कटऑफ आपल्या पोरीच्या कामाचा नाही. मुलींची ओळ वेगळी, प्रवर्गाची वेगळी.

एका वर्षाचा आकडा बघून आम्ही थांबलो नाही. तीन वर्षांचे लिहिले. एखाद्या वर्षी पेपर सोपा, एखाद्या वर्षी अवघड, एखाद्या शाखेची अचानक हवा. तीन वर्षं शेजारी शेजारी लिहिली की कॉलेज चढतंय का उतरतंय ते दिसतं. दुकानात भाव विचारताना आपण एकाच दुकानात विचारतो का?

मग वहीत तीन भाग केले. एक, तिच्या पर्सेंटाइलच्या वरचं. म्हणजे लागलं तर दिवाळी. त्यात पुण्याचं सीओईपी होतं, १८५४ सालचं जुनं कॉलेज, आता ते स्वतःच विद्यापीठ झालंय. दुसरा भाग, आसपासचं. नशिबानं आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मिळू शकेल असं. त्यात नांदेडची श्री गुरू गोविंदसिंहजी संस्था होती, १९८१ ची, आणि छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कॉलेज. तिसरा भाग, नक्की मिळेल असं. त्यात परभणीचं कॉलेज आणि संभाजीनगरची काही खासगी कॉलेजं.

तीनही भागांत एक नियम थोरलीनं घातला. जिथं लागलं तर आपण जाणारच नाही, ते नाव वहीत लिहायचंच नाही. फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, म्हणून पोरं भरत सुटतात. आम्ही अडतीस भरले.

वरचं टाकलं तर खालचं जातं का?

आता एक मोठा गैरसमज. आमच्या ह्यांचाही होता, माझाही होता. "एवढी मोठी कॉलेजं वर टाकली तर आपला नंबर तिथं जाऊन अडकेल. तोवर खालची जागा दुसऱ्याला जाईल." वाटतं की नाही? एसटीच्या रांगेत तसंच होतं. मुंबईच्या रांगेत उभं राहिलं तर परभणीची गाडी निघून जाते.

पण कॉम्प्युटरची रांग तशी नसते. तिथं आधी गुणवत्ता क्रमांक बघतात. तुमचा क्रमांक आला की तुमची यादी वरून खाली वाचतात. पहिलं रिकामं आहे का? नाही. दुसरं? नाही. तिसरं? जे रिकामं सापडेल ते तुमचं. तुमच्या मागच्या पोरीनं तेच कॉलेज एक नंबरवर टाकलं असलं, तरी ते तिला आधी मिळत नाही. म्हणजे वर मोठं नाव टाकल्यानं खालचं काही जात नाही. उलट भीतीपोटी सोपं वर टाकलं, तर मोठ्यापर्यंत कॉम्प्युटर पोचतच नाही. म्हणून क्रम लावताना 'कुठं मिळेल' हे बघायचं नाही. 'मिळालं तर जास्त आनंद कुठं होईल' हे बघायचं. मिळेल न मिळेल हे यादी किती लांब करायची, त्यासाठी.

हे ऐकून आमचे हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मनातलं वर आणि भीतीचं खाली." मला वाटतं, अख्ख्या माहितीपुस्तिकेचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

ती रात्र

सगळं कळलं तरी माणूस माणूसच असतं. पसंतीक्रम भरायची शेवटची रात्र. थोरली मोबाइल घेऊन बसलेली. पहिल्या नंबरवर पुणे. आत्याबाई माजघरातून म्हणाल्या, "आगं, पुण्याला कामून धाडायलीस पोरीला? परभणीला कॉलेज नाही का? सकाळी एसटीनं जाईल, संध्याकाळी घरी. अर्धं तिकीट आहे बायांना." खरंच आहे ते. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना निम्मं तिकीट आहे. परभणी सव्वा तासावर.

आणि काय सांगू, माझं मन डळमळलं. कुठं ते पुणं, कुठं आमचं पाथरी. आजारी पडली तर? काही झालं तर? मी म्हटलं, "बाळा, परभणीचं एक नंबरवर टाकूया का? शाखा तुझ्या आवडीची आहेच की. नक्की मिळेल. डोक्याला ताप नाही."

थोरली काही बोलली नाही. तिनं वहीचं शेवटचं पान उघडलं. त्यावर तिनं मला न सांगता काहीतरी लिहून ठेवलं होतं. "आईचं अंबाजोगाई." तेवढंच.

मला रडू आवरेना. तेच तर करत होते मी! जवळचं लागलं तर बघू. वडिलांचेच शब्द माझ्या तोंडातून येत होते. आणि तेव्हा निदान यादीत नाव तरी लागलं होतं. इथं तर मी यादी लागायच्या आधीच दार लावत होते. परभणी एक नंबरवर टाकलं असतं, तर पहिल्याच फेरीत पक्कं, आणि पुढं काय मिळालं असतं ते कधी कळलंच नसतं.

ह्यांनी डोळ्याला चष्मा लावला, तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "तुझ्या मनातलं वर टाक. माझं परभणी सगळ्यात खाली टाक. तुझं कुठंच नाही लागलं तर माझं आहेच." आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पण सकाळी त्यांनीच विचारलं, "भरलं का गं पोरीनं?"

फीचं काय?

मैत्रिणींनो, पाठवायचं तर पैसा लागतो. तिथंच आपण मागं हटतो. म्हणून हे नीट वाचा. ८ जुलै २०२४ ला राज्य सरकारनं निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी ते निम्मं होतं. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेतच.

पण त्यात एक अट आहे, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. प्रवेश कॅप फेरीतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला, की ही माफी नाही. खासगी विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ यांनाही नाही. "फेऱ्यांच्या भानगडीत कशाला पडता, थेट प्रवेश देतो," असं कोणी फोनवर म्हणालं, तर आधी हे आठवा. थेट प्रवेशात लाखाच्या पावत्या फाटतात. शिवाय माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची. वसतिगृह, मेस आणि इतर शुल्क आपल्यालाच. त्याचा हिशेब आधी मांडा. आम्ही वहीत प्रत्येक कॉलेजपुढं वसतिगृह आहे का, मुलींसाठी किती, हेही लिहिलं होतं.

आणि कागद! जात पडताळणी, नॉन-क्रीमी लेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. हे निकालानंतर काढायला गेलात तर तहसीलला, सेतूला रांगा. आम्ही जात पडताळणीचा अर्ज ती अकरावीत असतानाच परभणीला दिला होता. त्या एका गोष्टीनं आमचा जीव वाचला. शेजारच्या एका मुलीचं सगळं चांगलं असून त्या एका कागदापायी जीव टांगणीला लागला होता.

दहावीनंतरही तेच

हे फक्त इंजिनिअरिंगचं नाही हं. २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. आधी तो मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत होता. आपल्याकडे कॉलेजात जायचं, फॉर्म भरायचा, संपलं. त्या वर्षी पहिल्यांदाच पाथरीतल्या पोरांनी मोबाइलवर दहा कॉलेजांची पसंती भरली. नियम तोच. एक नंबरचं मिळालं तर घ्यायलाच पाहिजे. नाहीतर नेहमीच्या फेऱ्यांतून बाहेर.

आमच्या गल्लीतल्या आपाच्या लेकीचं तसंच झालं. मैत्रिणीनं परभणीचं एक कॉलेज पहिलं टाकलं म्हणून हिनंही टाकलं. लागलं! घरचे म्हणाले, राहायची सोय नाही, कसं पाठवणार? प्रवेश घेतला नाही. मग काय, पुढच्या फेऱ्या बंद. पोरगी महिनाभर रडत बसली. शेवटी सर्वांसाठी खुली फेरी आली तेव्हा गावातल्याच कॉलेजात जागा मिळाली. आपा मला म्हणाली, "बेटी को क्या मालूम, हमको बी क्या मालूम. गावचंच पहिलं टाकायचं होतं ना." मला तिचं पटलं. कारण तिथं घरच्यांच्या मनात गावचंच कॉलेज होतं. मनात एक आणि फॉर्मात दुसरं, तिथं घोटाळा होतो. लांबचं टाकावं का जवळचं, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण तो फॉर्म भरायच्या आधी सुटला पाहिजे, नंतर नाही.

माझी मावसबहीण अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिच्या मुलाच्या वेळी ती सांगत होती, तिथंही असंच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका कॉलेजला लवकर अर्ज करायचा, डिसेंबरात उत्तर येतं, आणि 'हो' आलं तर तिथंच जायचं, बाकीचे अर्ज मागं घ्यायचे. तीही म्हणाली, "अगं, घरात त्यावरून महाभारत झालं." म्हटलं बरं झालं, पाथरीत काय आणि न्यू जर्सीत काय, आयांची झोप सारखीच उडते.

आणखी एक सांगते. थोरल्या भावाच्या, चुलत बहिणीच्या वेळचा सल्ला आंधळेपणानं घेऊ नका. नियम बदलतात. मेडिकलला पूर्वी विभागवार ७०-३० कोटा होता. मराठवाड्यात कॉलेजं कमी म्हणून आपल्या पोरांचं नुकसान होतं, अशी ओरड होती. २०२० साली तो गेला. आता परभणीतही सरकारी मेडिकल कॉलेज झालंय. ज्यांनी जुना हिशेब धरला ते फसले. म्हणून मी वर सांगितलेले फेऱ्यांचे नियमही २०२५ चे आहेत, हे लक्षात ठेवा. तुमच्या मुलीच्या वर्षाची माहितीपुस्तिका तुम्ही स्वतः वाचा. इंग्रजी येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या. पण ऐका.

मग काय झालं?

पहिल्या फेरीत थोरलीला चौदाव्या नंबरचं मिळालं. संभाजीनगरचं खासगी कॉलेज, कॉम्प्युटर शाखा. पक्कं करायचं का? हे म्हणाले, कॉम्प्युटर मिळालंय, घेऊन टाकू. ती म्हणाली, "जागा हातात ठेवून एक फेरी थांबूया. गेलं तर काही जात नाही." हजार रुपये भरून जागा धरली आणि थांबलो. दुसऱ्या फेरीत नवव्या नंबरचं आलं. नांदेडची गुरू गोविंदसिंहजी संस्था, इलेक्ट्रिकल शाखा. कॉम्प्युटर सुटलं. पण नांदेडची संस्था तिनं वहीत का वर ठेवली होती, ते तिनंच बाबांना पटवलं. मुलींचं वसतिगृह, जुनी प्रयोगशाळा, आणि इलेक्ट्रिकल तिला खरंच आवडतं. घरातली मिक्सर-इस्त्री तीच दुरुस्त करते. तिसऱ्या फेरीची वाट न बघता तिनं ते पक्कं केलं.

पुणं लागलं नाही. लागणार नव्हतंच, हे वहीतल्या तीन वर्षांच्या आकड्यांनी आधीच सांगितलं होतं. त्यामुळं कोणी रडलं नाही. आशा किती आणि खात्री किती हे आधी माहीत असलं, की निराशा घरात शिरत नाही.

सोडायला आम्ही सगळे गेलो. मानवत रोडहून रेल्वे. आत्याबाईंनी चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. वसतिगृहाच्या दारात थोरली म्हणाली, "आई, रडू नको. दोन-अडीच तासांवर तर आहे." मी म्हटलं, "मी कशाला रडू?" आणि परतीच्या गाडीत परभणी येईपर्यंत डोळे पुसत होते. हे खिडकीतून बाहेर बघत होते. तेही पुसत होते, मला काय कळत नाही?

ती वही आता आमच्या घरी नाही. आधी आपानं नेली, धाकट्या लेकासाठी. तिथून समोरच्या गल्लीतल्या शिक्षिकाबाईंकडे गेली. मागच्या आठवड्यात एक अनोळखी बाई दारात आली. ब्लाउज शिवायला आली असेल म्हणून मी टेप घेतला. ती म्हणाली, "ताई, तुमच्याकडं म्हणे वही हाये. माझी लेक बारावीला हाये." मी तिला बसवलं, चहा टाकला आणि नवी वही काढली. म्हटलं, जुनी फिरतेय, येईल तेव्हा येईल. तोवर पहिल्या पानावर एवढं लिहा. तुमच्या लेकीला मनापासून कुठं जायचंय, ते तिला विचारलंत का?

बाई माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "ते नाही विचारलं अजून."

म्हटलं, "मग आधी घरी जाऊन तेवढं विचारून या. बाकीचं दोघी मिळून करू."